सुई एकाच्या हातची, जखम दुसऱ्याला

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


मी शासकीय रुग्णालयांत परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं माझ्याकडे संसर्ग नियंत्रणाचं काम होतं. त्या अनुभवाच्या जोरावर आपल्याला एक विनंती करते. यापुढे आपण एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला भेट द्याल, तेव्हा नवी इमारत आणि नवं यंत्र पाहून झाल्यावर संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरला बोलावून घ्या. कर्मचाऱ्यांना सुया टोचल्याच्या, डोळ्यांत किंवा तोंडावर रक्त उडाल्याच्या नोंदींची वही तिच्याकडे मागा. वहीत भरपूर नोंदी असतील तर त्या रुग्णालयाचं कौतुक करा. वही कोरी असेल तर तिथेच थांबून चौकशी करा. हजार खाटांच्या रुग्णालयात दिवसरात्र इंजेक्शनं, सलाइन, रक्ताचे नमुने, टाके, बाळंतपणं चालू असतात. तिथे महिनाभर कुणालाच सुई टोचली नाही, असं होत नाही. टोचली आणि कुणी सांगितलं नाही, एवढाच त्या कोऱ्या पानांचा अर्थ असतो.

न सांगण्याची कारणं मला पाठ आहेत. सुई टोचलेली मुलगी इन्चार्जकडे येते तेव्हा तिला पहिल्यांदा विचारलं जातं, ‘लक्ष कुठे होतं?’ मग विचारलं जातं, ‘ग्लव्हज का घातले नव्हते?’ आधी हात धू, असं सांगायचं कुणाला सुचत नाही. पुढे केसपेपर काढा, स्वतःचं रक्त द्या, पेशंटचं रक्त तपासायला त्याची संमती घ्या, मेट्रन ऑफिसला लेखी कळवा. वॉर्डात साठ पेशंट आणि ड्यूटीवर दोघीच असल्या की ती हे सगळं सोडून देते, बोटाला चिकटपट्टी लावते आणि पुढच्या खाटेकडे वळते. अमेरिकेतल्या १७ केंद्रांमधल्या शल्यचिकित्सेच्या ६९९ निवासी डॉक्टरांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या ९९ टक्के डॉक्टरांना एकदा तरी सुई टोचलेली होती. आणि सर्वांत अलीकडची जखम निम्म्याहून अधिक जणांनी कळवलेलीच नव्हती. त्यासाठी सर्वाधिक जणांनी दिलेलं कारण होतं, वेळ मिळाला नाही. त्यांच्याकडे मनुष्यबळ आपल्याहून कितीतरी जास्त असूनही ही स्थिती आहे.

सुई टोचणं म्हणजे टोचून घेणाऱ्याचा निष्काळजीपणा, हा समज मुळातून काढला पाहिजे. सुई वापरणारा आणि जखम होणारा हे पुष्कळदा वेगळे असतात. १८४७ साली व्हिएन्नात न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागली आणि त्या जखमेतल्या संसर्गानं ते गेले. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांना त्याच मृत्यूमुळे बाळंतज्वराचं कारण उमगलं. हात धुण्याचं महत्त्व सांगायला हा प्रसंग प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवतात. मी मात्र नव्या परिचारिकांना तो दुसऱ्याच कारणासाठी सांगत असे. सुरी एकाच्या हातात होती आणि जीव दुसऱ्याचा गेला.

आपल्या वॉर्डांत हेच रोज घडतं. पहाटे तीन वाजता, सलग दुसऱ्या दिवसाच्या ड्यूटीवर असलेला रेसिडेंट डॉक्टर रक्त काढतो, नमुन्याचा बल्ब भरतो, त्यावर नाव लिहितो, तेवढ्यात त्याला दुसऱ्या पेशंटकडून हाक येते. सुई किडनी ट्रेमध्ये कापसाखाली राहते, नाहीतर गादीच्या कडेला. ट्रे उचलते ती सिस्टर. चादर गुंडाळते ती मावशी. पिशवीची गाठ मारतात ते मामा. चादर पुढे धुलाईघरात जाते, पिशवी कचऱ्याच्या गाडीवरच्या मुलाकडे. हात बदलत बदलत सुई खाली उतरत जाते, आणि जितकी खाली उतरते तितकी तिची माहिती पुसली जाते. डॉक्टरला टोचली तर पेशंट समोर असतो, त्याचे रिपोर्ट पाहता येतात. मावशीला टोचते ती सुई कुणाची, हे कुणालाच सांगता येत नाही. मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयानं १९९८ ते २००३ या सहा वर्षांत अशा जखमांच्या नोंदी कसोशीनं ठेवल्या आणि २००५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. नोंद झालेल्यांत निम्म्याच्या जवळपास परिचारिका होत्या, एक तृतीयांशाच्या आसपास अटेंडंट होते. डॉक्टरांचा वाटा जेमतेम नवव्या हिश्श्याएवढा होता. हे अटेंडंट कुणालाही इंजेक्शन देत नाहीत. त्यांना टोचलेली सुई दुसऱ्याच कुणीतरी वापरून सोडलेली असते.

मी काम केलेल्या एका रुग्णालयात कंत्राटावरच्या एका मावशींना लाल पिशवी उचलताना पायाला सुई लागली. साडी वर करून त्यांनी रक्त पदरानं पुसलं आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवली. मी पाहिलं म्हणून कळलं. नोंद करायला वही काढली तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, ‘सिस्टर, माझं नाव नका लिहू. ठेकेदार म्हणेल, हिला काहीतरी झालंय, हिला काढा.’ त्यांना हिपॅटायटिस बीची लस दिली होती का, ते ठेकेदाराच्या कागदांत नव्हतं आणि रुग्णालयाच्या कागदांत त्यांचं नावच नव्हतं. ती सुई लाल पिशवीत असायलाच नको होती. सुईसाठी पांढरा, आरपार टोचली जाणार नाही असा डबा ठरलेला आहे. तो त्या मजल्यावर होता, पण वापरायचा कुणी आणि भरल्यावर न्यायचा कुणी हे ठरलेलं नव्हतं, म्हणून तो काठोकाठ भरून आठवडाभर तसाच पडून होता.

रोगांविषयी थोडक्यात सांगते, कारण लोकांची भीती एकीकडे आणि धोका दुसरीकडे, अशी परिस्थिती आहे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस सीसाठी ती दोन टक्क्यांच्या आत आहे. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रक्ताची सुई टोचली तर ही शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात जवळपास ३ कोटी लोक हिपॅटायटिस बी घेऊन जगत होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकही नव्हतं. ज्या आजाराचा धोका सर्वांत मोठा, त्याच आजाराची स्वस्त आणि भरवशाची लस दशकानुदशकं उपलब्ध आहे. बालकांच्या लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११-१२ च्या सुमारास. आज रुग्णालयांत राबणाऱ्या मावशी-मामांच्या पिढीला ती लहानपणी मिळालेली नाही. तिच्या तीन मात्रा पूर्ण व्हायला सहा महिने लागतात आणि नंतर एकदा रक्त तपासून शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का ते पाहावं लागतं. ही तपासणी तर बहुतेक डॉक्टरांचीही झालेली नसते.

आता रात्रीची गोष्ट. एचआयव्हीचा धोका टाळण्यासाठी ‘पेप’ म्हणून ओळखला जाणारा औषधांचा कोर्स आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे ‘नाको’च्या सूचनांप्रमाणे त्याचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत घ्यायचा, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही, आणि सुरू केला की २८ दिवस पूर्ण करायचा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकट्या झिडोव्ह्युडिन या औषधानं संसर्गाची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं होतं. आताची औषधं त्याहून सोसायला सोपी आहेत, दिवसाला एक गोळी पुरते. ही गोळी रुग्णालयात असते, पण ती एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी सेंटरच्या कपाटात, कुलपाच्या आत. सेंटर संध्याकाळी बंद होतं. सुया रात्रीही टोचतात, किंबहुना थकलेल्या हातांना रात्री जास्त टोचतात. एका इंटर्न मुलीला शनिवारी रात्री लेबर रूममध्ये सुई टोचली, पेशंट एचआयव्हीबाधित होती. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर होते. फोनाफोनी करून सकाळी औषध मिळालं. तेवढे तास ती मुलगी ड्यूटी रूममध्ये बसून होती, घरी आईला फोन करायचीही तिची हिंमत होत नव्हती. ती पुढे निरोगी राहिली. पण त्या रात्रीची जबाबदारी व्यवस्थेवर होती, आणि ती एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीवर पडली.

महोदय, कायदा आपल्या बाजूनं भक्कम उभा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ सांगतं की आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेनं, रक्ताशी संबंध येऊ शकणाऱ्या तिथल्या सर्व कामगारांना संरक्षणाची साधनं, ती वापरण्याचं प्रशिक्षण आणि गरज पडल्यास पेप पुरवायचं आहे. कायम कोण आणि कंत्राटी कोण, असा भेद त्यात नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये तर कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी आरोग्य तपासणी करणं हे रुग्णालयाचं कर्तव्य ठरवलं आहे. याच नियमांत मोठ्या अपघाताची व्याख्या करताना कचऱ्याची गाडी उलटणं त्यात धरलं आहे आणि सुई टोचणं वगळलं आहे. म्हणजे गाडी उलटली तर तातडीनं कळवायचं, आणि सुई टोचली तर ते इतर अपघातांच्या रकान्यात वर्षातून एकदा वार्षिक अहवालात लिहायचं. राज्यानं स्वतःच्या रुग्णालयांसाठी याहून कडक नोंद ठेवायला कुणाची आडकाठी नाही.

ही नोंद मावशींच्या पोटापाण्याशीही बांधलेली आहे. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांची जी यादी आहे, तिच्यात पहिल्याच क्रमांकावर संसर्गजन्य आजार आहेत आणि आरोग्यसेवा व प्रयोगशाळेचं काम त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पण कामावरच्या जखमेतूनच आजार झाला हे दाखवायचं तर जखमेच्या दिवशीची नोंद हवी, आणि त्या दिवशी आजार नव्हता असं सांगणारा रक्ताचा रिपोर्ट हवा. नाव न लिहिलेल्या बाईला पाच वर्षांनी कावीळ उफाळली तर तिच्या हातात काय असेल?

जखम झाल्यावर काय करायचं हे आपण भिंतीवर लावतो. ते लावावंच. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवायची, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा बेटाडीन चोळायचं नाही, डोळ्यांत उडालं तर स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं डोळा धुवायचा. एवढं ज्ञान प्रत्येक मामापर्यंत पोहोचलं पाहिजे. पण सुई टोचण्याआधी काय करायचं, याचं उत्तर फलकावर मिळत नाही, ते खरेदीच्या कागदांत आहे. ‘सुईवर पुन्हा टोपण बसवू नका’ असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. तरी मुली टोपण बसवतात, कारण डबा नर्सिंग स्टेशनवर असतो आणि पेशंट वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. उघडी सुई हातात घेऊन तीस पावलं चालण्यापेक्षा टोपण बसवणं त्यांना सुरक्षित वाटतं, आणि त्यांचं तसं वाटणं समजण्यासारखं आहे. डबा ट्रॉलीवर, हाताच्या अंतरावर ठेवा, आणि तो पाऊण भरला की बदला. डबे कमी पडतात म्हणून वॉर्डावॉर्डांत सलाइनच्या बाटल्या कापून त्यात सुया टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. पाणी पिण्याच्या बाटल्याही पाहिल्या आहेत.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॅरन डेली या परिचारिकेला १९९८ मध्ये सुया टाकायच्या डब्याजवळ हात नेताना सुई टोचली. त्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी हे दोन्ही आजार झाले. त्यांनी ते लपवलं नाही, ठिकठिकाणी जाऊन साक्षी दिल्या, आणि नोव्हेंबर २००० मध्ये तिथे सुईच्या जखमांपासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. वापरल्यावर सुई आपोआप झाकली जाते किंवा आत ओढली जाते अशी साधनं घ्या, एवढंच सांगून तो थांबला नाही. ती साधनं निवडताना प्रत्यक्ष वापरणाऱ्या, अधिकारपदावर नसलेल्या कर्मचाऱ्यांचं मत घेणं त्यानं मालकांना बंधनकारक केलं. पुढच्याच वर्षी तिथल्या रुग्णालयांतल्या जखमा सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्या. युरोपीय संघानं २०१० मध्ये असाच निर्देश काढला.

आपल्याकडे सिरिंज, शिरेत सलाइन लावायचे इंट्राकॅथ, ग्लव्हज कोणते घ्यायचे हे ठरतं तेव्हा त्या खोलीत वॉर्डातली सिस्टर नसते. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. स्वस्त ग्लव्हज घालतानाच फाटतात, म्हणून मुली ते घालायचं टाळतात, आणि मग त्यांनाच विचारलं जातं की ग्लव्हज का घातले नव्हते. सुरक्षित इंट्राकॅथ साध्यापेक्षा महाग आहे, हे खरं. पण प्रत्येक जखमेमागे होणाऱ्या तपासण्या, २८ दिवसांची औषधं, रजा, हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्याला द्यावं लागणारं महागडं इम्युनोग्लोब्युलिन, हा खर्च निविदेच्या तक्त्यात कुणी धरत नाही. राज्यानं आता वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं आहे. सगळी खरेदी एका दिवसात बदला असं मी म्हणत नाही. रक्त ज्यातून वाहतं त्या पोकळ सुयांपासून सुरुवात करा, कारण त्यांचा धोका जास्त आहे. आधी इंट्राकॅथ आणि रक्त काढायच्या सुया, तेही आधी अपघात विभाग, लेबर रूम, अतिदक्षता कक्ष आणि डायलिसिससाठी. निविदेच्या तांत्रिक समितीत काम करत्या परिचारिकेला आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला जागा द्या, आणि नमुने त्यांच्या हातात देऊन आठवडाभर वापरायला लावा.

शस्त्रक्रियागृहातल्या गोष्टी तर जवळपास फुकट आहेत. सुरी आणि सुई हातातून हातात न देता मध्ये ट्रे ठेवून त्यात ठेवायची, हे शिकायला पैसे लागत नाहीत. दुहेरी ग्लव्हज घातले तर आतल्या ग्लव्हला भोक पडण्याचं प्रमाण खूप कमी होतं. पोटाच्या आतले थर शिवताना बोथट टोकाची सुई वापरली तर ग्लव्हज फाटण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, हे अनेक चाचण्या एकत्र करून सिद्ध झालेलं आहे. अडचण आहे ती ज्येष्ठ सर्जनांच्या सवयीची. ज्युनिअर मुलगा सरांना ‘ट्रेमध्ये ठेवा’ म्हणू शकत नाही. तो आदेश वरून, आपल्याकडून आला तर त्याला म्हणावं लागणार नाही. लेबर रूमसाठी मात्र पैसे लागतील. पाणमोट फुटली की पाणी आणि रक्त थेट तोंडावर येतं, आणि चेहरा झाकणारी ढाल किंवा चष्मा आपल्या कित्येक लेबर रूममध्ये नसतो. कोविडच्या काळात त्या ढालींचे ढीग होते. त्या पुन्हा दिसल्या पाहिजेत.

रेसिडेंट डॉक्टरांच्या सलग ड्यूट्यांचा प्रश्न त्यांची मार्ड संघटना वारंवार मांडते. त्या मागण्यांकडे सुईच्या बाजूनंही पाहा. सलग लांबलेल्या कामाच्या शेवटी इंटर्न डॉक्टरांना जखमा जास्त होतात हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. थकलेल्या डॉक्टरनं गादीवर विसरलेली सुई सकाळी मावशींना लागते.

म्हणून माझं मागणं असं. पेपचे पहिले डोस प्रत्येक रुग्णालयाच्या अपघात विभागात चोवीस तास, कुलपाशिवाय, सिस्टरच्या ताब्यात असू द्या. पेशंटचा रिपोर्ट येण्याची वाट न पाहता पहिली गोळी देण्याचा अधिकार ड्यूटीवरच्या डॉक्टरला लेखी द्या. जखम कळवल्याबद्दल कुणाकडूनही खुलासा मागू नये, आणि कंत्राटी कामगाराचं नाव ठेकेदाराला कळू नये, असं परिपत्रक काढा. सफाईचा, धुलाईचा, कचरा वाहतुकीचा कोणताही ठेका देताना लसीकरण रुग्णालय स्वतः करील आणि त्याची नोंद रुग्णालयाकडेच राहील, अशी अट घाला. ठेकेदार बदलतात, मावशी त्याच असतात. आणि एमबीबीएस, नर्सिंग, डीएमएलटीच्या प्रत्येक नव्या तुकडीला प्रवेशाच्या आठवड्यातच हिपॅटायटिस बीची पहिली मात्रा द्या. तिसरी मात्रा आणि रक्ताची तपासणी झाल्याशिवाय त्यांच्यापैकी कुणाचंही नाव वॉर्डाच्या ड्यूटी लिस्टवर लागू नये. यंदाचे प्रवेश पूर्ण होण्याआधी हा आदेश महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांपर्यंत पोहोचावा, एवढी विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका